बिघडलेल्या मुलांचे गुरुजी

गावातला एखादा मुलगा चोरी करताना सापडला की त्याच्यावर कायमचा शिक्का बसतो. पुढे तो कितीही नीट वागला तरी लोक जुनी गोष्ट विसरत नाहीत. असे शिक्के पुसण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्या अंतोन मकारेंको या शिक्षकाची ओळख आज आम्ही वाचकांना करून देत आहोत.

मकारेंको यांचा जन्म १८८८ साली, आज युक्रेनमध्ये असलेल्या बेलोपोल्ये गावी झाला. वडील रेल्वेच्या कारखान्यात रंगारी होते. अंतोन १९०५ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, रेल्वे कामगारांच्या मुलांना शिकवू लागले.

पुढे महायुद्ध, क्रांती आणि यादवी यांमुळे असंख्य मुले रस्त्यावर आली व चोऱ्यामाऱ्या करू लागली. १९२० साली पोल्तावा शहराजवळ अशा मुलांसाठी वसाहत काढण्याचे काम मकारेंको यांच्याकडे आले. मोडक्या इमारती, रिकामी तिजोरी आणि सुरुवातीला अवघी सहा मुले! ती शिक्षकांना जुमानत नसत, सरपणही आणत नसत. एकदा संतापाच्या भरात मकारेंको यांनी एका दांडग्या मुलाला मारले. त्यानंतर मुले कामाला लागली; पण मार हा उपाय आहे असे त्यांनी कधी सांगितले नाही. आपल्याला परत पाठवून मोकळे होणे सोपे असताना हा माणूस तसे करीत नाही, हे मुलांनी ओळखले होते.

मुलांच्या गुन्ह्यांचे कागद वाचणे त्यांनी बंद केले. सेम्योन कलाबालिन या मुलाला तुरुंगातून आणताना हमीचा कागद लिहून द्यायचा होता. तो मुलाच्या नजरेस पडू नये म्हणून त्यांनी त्याला क्षणभर बाहेर पाठवले. पुढे त्याच मुलाला त्यांनी शहरातून वसाहतीचे पाचशे रूबल आणायला धाडले, आणि आणलेले पैसे मोजून घेतले नाहीत. काही दिवसांनी दोन हजारांसाठीही तोच गेला.

विश्वासाला कामाची जोड होती. मुले शेती करीत, जनावरे सांभाळीत. प्रत्येक तुकडीचा नायक मुलांपैकीच असे. १९२६ साली ही गॉर्की वसाहत खारकोव्हजवळच्या कुर्याझला गेली. तेथील सुमारे २८० बेशिस्त मुलांना जुन्या मुलांनीच वळण लावले. मात्र ही लष्करी थाटाची शिस्त शिक्षणाधिकाऱ्यांना मानवली नाही आणि १९२८ साली मकारेंको यांना वसाहत सोडावी लागली. दुसऱ्या, जेर्झिन्स्की वसाहतीत ते १९३५ पर्यंत राहिले. तेथे मुले विजेवर चालणारी ड्रिल यंत्रे व फेड कॅमेरे बनवीत. या अनुभवांवरील त्यांची कादंबरी जगभर वाचली गेली. १ एप्रिल १९३९ रोजी मॉस्कोजवळ आगगाडीतच त्यांचे निधन झाले.

आणि तो सेम्योन? तो स्वतः शिक्षक झाला व त्याने अनाथ मुलांची वसतिगृहे चालवली.

आम्हा शिक्षकांना आणि पालकांना यातून एवढेच घेण्यासारखे आहे. घसरलेल्या मुलाला उपदेश पुष्कळ मिळतो. जबाबदारीचे काम मात्र कोणी देत नाही. ते देण्याचे धैर्य आपण मोठ्यांनी दाखवले पाहिजे.