देवाच्या दरबारातील कवी : रेव्हरंड ना. वा. टिळक

आज नाताळ. प्रभू येशूच्या जन्माचा हा मंगल दिवस जगभर साजरा होतो, तसाच तो महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतही होतो. नगर जिल्ह्यातील एखाद्या लहानशा ख्रिस्तमंदिरावरून जाणाऱ्या वाटसरूच्या कानी टाळांचा नाद, पेटीचे सूर आणि अभंगाची ओळखीची चाल पडली, तर क्षणभर त्यास वाटेल की, आत विठ्ठलाचे भजन चालले आहे. मराठी ख्रिस्ती मंडळींच्या ओठी हे सूर ज्यांनी रुजविले, त्यांत रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे नाव अग्रभागी आहे. क्रमिक पुस्तकांतून आपण त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. परंतु त्यांच्या अंतरीचा ध्यास याहून मोठा होता. परक्यांच्या द्रव्यावर आणि परक्यांच्या शब्दावर विसंबलेली मंडळी स्वतःच्या पायांवर उभी कशी राहील, तिच्यातील अगदी साधा माणूसही सेवेस समर्थ कसा होईल, याचा त्यांनी अखेरपर्यंत शोध घेतला. त्यांचे पुण्यस्मरण आजच्या दिवशी उचित ठरेल, असे आम्हांस वाटते.

शोधाची वाट

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. कवितेची गोडी त्यांना आईकडून लाभली. परंतु तिचे छत्र बालपणीच हरपले. घर सुटले आणि हा मुलगा नाशकास आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. पुढे शिक्षकी, लेखन, व्याख्याने, कीर्तने असे अनेक व्यवसाय त्यांनी केले. एका गावी मन रमले नाही आणि एका नोकरीत पाय ठरला नाही. नागपूरच्या वास्तव्यात ग्रंथलेखन चालू असतानाही त्यांच्या चित्तास एकच तळमळ लागली होती. माणसामाणसांत भेद न करणारा आणि या देशास नवे चैतन्य देणारा धर्म कोणता, हाच त्यांचा प्रश्न होता.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जात असता आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाची गाठ पडली. त्याने त्यांच्या हाती नव्या कराराची प्रत दिली. टिळकांनी ती प्रथम केवळ जिज्ञासेने वाचली. पण येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. पुढील दोन वर्षे मनात मोठे द्वंद्व चालले आणि अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

कुळाचा धर्म सोडणे ही गोष्ट श्रद्धाळू वाचकांच्या मनास सहजी रुचणारी नाही, हे आम्ही जाणतो. टिळकांच्या स्वतःच्या घरावर तर या वार्तेने वज्राघातच झाला. पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. पदरी लहानगा दत्तू. कित्येक वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. आप्तांनी पाठ फिरविली, समाजातील मान गेला. एवढे मात्र कोणीही मान्य करील की, हे पाऊल लोभाचे नव्हते. जे हाती होते, ते सारे गमावून त्यांनी ते उचलले होते. लक्ष्मीबाईंना त्यांनी बळाने ओढले नाही. माणसाची जात ईश्वराने केलेली नाही, हे त्या मानी स्त्रीस आपल्याच विचाराने उमगले आणि १९०० साली त्यांनी स्वेच्छेने पतीचा मार्ग स्वीकारला.

मायबाप मिशन, लेकरू मंडळी

टिळक ज्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये दाखल झाले, त्याचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले होते. अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे १८३१ पासून या मिशनचे ठाणे होते. हे मिशन ज्या काँग्रिगेशनल पंथाचे, त्याचे मूळ तत्त्व असे की, प्रत्येक गावची मंडळी आपला कारभार आपणच पाहील. तत्त्व उत्तम होते. व्यवहार मात्र निराळा झाला. शाळा मिशनची, दवाखाना मिशनचा, उपदेशकाचा पगारही मिशनचा. नगर जिल्ह्यातील बहुतेक ख्रिस्ती त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आलेले होते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या दारिद्र्याने पिचलेल्या या लोकांस गोरा साहेब मायबाप वाटला, यात नवल ते काय? शतकाच्या अखेरीस दुष्काळ पडला, शेकडो अनाथ मुले मिशनच्या आश्रयास आली आणि हे नाते अधिकच घट्ट झाले.

मिशनच्या या उपकारांविषयी टिळक कृतघ्न नव्हते. परंतु त्यांतील धोका त्यांच्या तीक्ष्ण दृष्टीस दिसला. धर्मकार्य हे पगारी माणसाचे काम आणि आपण केवळ बाकावर बसून ऐकावयाचे, अशी मंडळींची समजूत होऊन बसली होती. ऐकणारा कायम ऐकतच राहिला, तर त्याच्या अंगी सांगण्याचे बळ कोठून यावे? शिवाय उपासनेतील कित्येक गीते भाषांतरित आणि चालीही परदेशी. शेतात राबणाऱ्या माणसाच्या गळ्यात ती उतरत नसत.

टिळक नगरच्या धर्मशाळेत, म्हणजे भावी उपदेशकांच्या विद्यालयात, अध्यापक झाले. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. या काळात त्यांनी जे केले, ते दिसावयास साधे, पण परिणामाने फार दूरगामी होते. त्यांनी मंडळींस तिचा स्वतःचा कंठ दिला. नगरकडे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या ख्रिस्ती कीर्तनकारांनी ही वाट आधीच पाडली होती. टिळकांनी तिचा राजमार्ग केला. ओवी, अभंग, पद या आपल्या मातीतील छंदांत त्यांनी शेकडो भजने रचली. स्वतः कसलेले कीर्तनकार असल्याने पूर्वरंग आणि उत्तररंग यांनी सजलेले कीर्तन त्यांनी ख्रिस्तकथेस वाहिले.

आपल्या वारकरी घरांतील वाचकांस याचे मर्म निराळे समजावून सांगावे लागणार नाही. व्याख्यान ऐकणारा घरी जाऊन ते विसरतो; अभंग ऐकणारा तो गुणगुणत घरी जातो. ज्यास अक्षर येत नाही, त्यासही ध्रुपद येते. जात्यावर बसलेली माउली ते गाते, मांडीवरचे मूल ते ऐकते आणि कोणत्याही पगाराविना उपदेश घरोघर पोहोचतो. ज्ञानोबा-तुकोबांनी हेच केले होते आणि टिळकांनी ते ऋण कधी लपविले नाही. आपण ख्रिस्तापर्यंत आलो, ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते मोकळेपणी सांगत. संतवाङ्‌मय हा मराठी ख्रिस्ती माणसाचाही वारसा आहे, अशी त्यांची दृढ श्रद्धा होती.

कंठाबरोबर त्यांनी लेखणीही दिली. १८४२ साली सुरू झालेल्या ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी अखेरपर्यंत केले. सामान्य ख्रिस्ती कुटुंबास चांगल्या मराठीत विचार करण्याची सवय लागावी, हा त्यामागील हेतू होता. या शिक्षणाचे सर्वांत सुंदर फळ मात्र त्यांच्याच घरात आले. शाळेची पायरीही न चढलेल्या लक्ष्मीबाईंना त्यांनी अक्षरओळख करून दिली, लिहिते केले, चार लोकांत उभे केले. त्याच लक्ष्मीबाईंनी पुढे ‘स्मृतिचित्रे’ हा मराठी आत्मचरित्रांतील मुकुटमणी लिहिला आणि पतीच्या निधनाने अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही पूर्णत्वास नेले.

देवाचा दरबार

एवढे करूनही टिळकांचे मन शांत नव्हते. स्वावलंबनाचा उपदेश आपण करावा आणि स्वतः मात्र मिशनचा पगार घ्यावा, ही विसंगती त्यांना सलत होती. १९१७ साली, वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर, त्यांनी तो पगार सोडला. एका अर्थी तो संन्यासच होता. मात्र हा संन्यासी बायकामुलांस टाकून गेला नाही. साताऱ्यास बिऱ्हाड करून त्यांनी ‘देवाचा दरबार’ या नावाची एक मंडळी स्थापन केली.

या दरबाराची कल्पना त्या काळी अनेकांना धक्का देणारी होती. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे सर्व ख्रिस्तभक्त तेथे बंधुभावाने एकत्र यावेत. वेतनाचा संबंध नसावा. नेतृत्व या देशातील माणसांचे असावे. परदेशी मिशनऱ्यांनी मायबापाचे आसन सोडून भावाच्या नात्याने शेजारी बसावे, असा त्यांचा आग्रह होता. यामुळे मिशनमधील काही स्नेही दुखावले, काही ख्रिस्ती बांधव साशंक झाले. जुन्या आप्तांस ते परके झाले होतेच. आता नव्या घरातही काहींना ते अवघड वाटू लागले. दोन्ही तीरांवरून टीका झेलीत तो वृद्ध कवी आपली वाट चालत राहिला.

दैवाने त्यांस पुरता अवधी दिला नाही. अवघ्या दोन वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचे देहावसान झाले आणि त्यांच्यामागे दरबारही फार काळ टिकला नाही. एका तेजस्वी पुरुषाच्या भोवती उभी राहिलेली संस्था त्याच्यामागे टिकविणे किती कठीण असते, याचा अनुभव आपल्या सर्वच पंथांनी घेतला आहे. तथापि दरबार मावळला, तरी त्यातील विचार मावळला नाही. जे. सी. विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने १९२३ साली टिळकांचे चरित्र इंग्रजीत लिहून तो दूरवर पोहोचविला. पुढे १९७० च्या नोव्हेंबरात नागपूर येथे अनेक पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, स्थापन झाली. नगरकडील या जुन्या मंडळ्याही त्या प्रवाहात आल्या. देशी नेतृत्वाचे जे स्वप्न टिळकांच्या काळी उद्धट वाटले होते, ते रूढ व्यवहार होऊन बसले.

आणि त्यांची भजने तर राहिलीच आहेत. इमारती, निधी, पदे यांपेक्षा ती अधिक टिकाऊ ठरली. कारण ती कोणा अधिकाऱ्याच्या ताब्यात नव्हती, ती लोकांच्या गळ्यात होती. आम्हांस वाटते, टिळकांच्या चरित्राचा बोध हाच आहे आणि तो कोणा एका धर्मापुरता नाही. ज्या संप्रदायात मूठभर लोक बोलतात आणि बाकीचे माना डोलावितात, तो वैभवात असूनही आतून दुबळा होतो. ज्यात ऐकणारा स्वतः गाऊ लागतो आणि घेणारा देऊ लागतो, तो गरिबीतही जिवंत राहतो. दिंडीत प्रत्येकाच्या हाती टाळ असतो, तो याचसाठी.

करजगावी जन्मलेल्या, नाशकास शिकलेल्या, नगरास गायिलेल्या आणि साताऱ्यास सर्वस्व वाहून मोकळ्या झालेल्या या मराठी भक्तकवीस नाताळच्या या शुभदिनी आम्ही विनम्र अभिवादन करतो. आमच्या सर्व ख्रिस्ती बांधवांस हा सण सुखाचा जावो.