सैनिकाचे पत्र आणि राज्यसंस्थेचे दायित्व

युद्धाचा विचार करताना राज्यकर्ते शस्त्रास्त्रे, मनुष्यबळ आणि रसद यांचा हिशेब मांडतात. सैनिक आणि त्याचे घर यांच्यातील पत्रव्यवहार या हिशेबात सहसा येत नाही. तो कौटुंबिक जिव्हाळ्याचा विषय मानला जातो. लेफ्टनंट जनरल प्रेमिंद्रसिंग भगत यांचे चरित्र पाहिले, तर ही समजूत टिकत नाही. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे पहिले भारतीय अधिकारी म्हणून ते इतिहासाला ठाऊक आहेत. परंतु ज्या महिन्यांत त्यांनी हा पराक्रम केला, त्याच महिन्यांत ते आफ्रिकेतील रणभूमीवरून पुण्याला पत्रे लिहिणारे बावीस वर्षांचे तरुणही होते.

भगत यांचा जन्म १९१८ साली गोरखपूर येथे झाला. वडील संयुक्त प्रांताच्या सरकारी सेवेत अभियंता होते. आईचे छत्र बालपणीच हरपले. डेहराडून येथील सैनिकी शाळेत आणि नंतर तेथीलच सैनिकी प्रबोधिनीत शिक्षण घेऊन १९३९ च्या जुलैमध्ये ते अधिकारी झाले आणि खडकीच्या ‘बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स’ या अभियंता दलात दाखल झाले. पुढे दीड-दोन महिन्यांतच युरोपात युद्धाचा भडका उडाला. पुण्यातील मोहिनी भंडारी यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला होता, तो विवाहात परिणत होण्यापूर्वीच त्यांना देश सोडावा लागला. १९४० मध्ये त्यांची तुकडी सुदानला रवाना झाली. तेव्हापासून पुण्याशी असलेला त्यांचा धागा पत्रांचाच होता.

हा धागा राज्यसंस्थेच्या हातातून जात होता. पत्रावर गावाचे नाव लिहिण्यास मनाई असे. तुकडीचे नाव आणि क्षेत्रीय टपाल कार्यालयाचा क्रमांक हाच सैनिकाचा पत्ता. जवानांची पत्रे त्यांच्याच तुकडीतील अधिकारी वाचून तपासत. अधिकाऱ्यांवर स्वतःच्या पत्रांबाबत संयम पाळण्याची जबाबदारी असे, आणि त्यांचीही पत्रे तळावरील तपासनीस उघडू शकत. म्हणजे कोणत्याही तरुण अधिकाऱ्याला दुहेरी भूमिका वठवावी लागे. दिवसा तो दुसऱ्याच्या घरगुती मजकुरावर काट मारणारा सरकारी हात असे आणि रात्री आपल्या माणसांना काय सांगावे, काय झाकावे, या विवंचनेत असलेला पत्रलेखक.

नोव्हेंबर १९४० मध्ये ब्रिगेडियर विल्यम स्लिम यांच्या नेतृत्वाखाली सुदान-अ‍ॅबिसिनिया सीमेवरील गल्लाबातवर हल्ला झाला. पुढे ३१ जानेवारी १९४१ च्या रात्री सीमेपलीकडील मेतेम्मा सोडून इटालियन सैन्य मागे हटू लागले. पाठलागाच्या वाटेवर त्यांनी सुरुंग पेरून ठेवले होते. ते हुडकून मार्ग मोकळा करण्याचे काम सेकंड लेफ्टनंट भगत यांच्याकडे आले. चार दिवसांत, सुमारे ५५ मैलांच्या पट्ट्यात, त्यांनी १५ सुरुंगक्षेत्रे शोधून निकामी करवून घेतली. दोनदा त्यांची गाडी सुरुंगावर उडाली आणि सोबतचे जवान बळी पडले. एकदा दबा धरलेल्या शत्रूने जवळून गोळीबार केला. कानाचा पडदा फाटला, शरीर थकून गेले, तरी त्यांनी बदली अधिकारी नाकारला. या कामाचा अनुभव आता आपल्यालाच अधिक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. जून १९४१ मध्ये त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये मोहिनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

मोहिनी यांना लिहिलेली ही पत्रे जपली गेली. पुढे त्यांच्या आधारे कन्या आशाली वर्मा यांनी वडिलांचे चरित्र लिहिले. सामान्य जवानाच्या पत्रांना मात्र हे भाग्य क्वचितच लाभले. युद्धाच्या अखेरीस भारतीय सैन्याची संख्या सुमारे २५ लाखांवर पोहोचली होती. कोकणातल्या किंवा साताऱ्याकडच्या खेड्यात मनिऑर्डर येणे हीच अनेक घरांना मुलाच्या खुशालीची खूण होती. अशा जवानांच्या पत्रांतील जे शब्द आज अभ्यासकांना वाचता येतात, त्यांतील बरेचसे तपासनिसांनी वरिष्ठांसाठी केलेल्या भाषांतरित उताऱ्यांत उरले आहेत. राज्यसंस्थेने ते मायेपोटी नव्हे, तर सैन्याचे मनोबल मोजण्यासाठी जपले.

गोपनीयतेचा प्रश्न भगत यांच्या आयुष्यात दुसऱ्यांदा आला तो १९६२ च्या पराभवानंतर. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स यांच्यासह त्यांनी त्या पराभवाची चौकशी केली. १९६३ मध्ये सादर झालेला हा अहवाल सरकारने आजतागायत अधिकृतरीत्या खुला केलेला नाही; त्याचा काही भाग २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराकरवी बाहेर आला. युद्धकाळात पत्रातून गावाचे नाव खोडण्यामागे कारण होते, आणि त्या कारणाला मुदतही होती. तुकडी पुढे सरकली की ते गुपित उरत नसे. सहा दशके उलटल्यावरही ज्या गोपनीयतेची मुदत संपत नाही, ती सैनिकाचे रक्षण करत नाही. त्याच्या कुटुंबाला मात्र त्याच्या मृत्यूची कारणमीमांसा नाकारते.

तिसरा प्रसंग १९७१ च्या युद्धाचा. तेव्हा भगत मध्य विभागाचे प्रमुख होते आणि सुमारे ९३ हजार पाकिस्तानी बंदिवानांच्या अनेक छावण्या याच विभागाच्या क्षेत्रात उभ्या राहिल्या. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार युद्धकैद्याला पकडल्यावर लगेच, किंवा छावणीत पोहोचल्यानंतर फार तर एका आठवड्याच्या आत, घरी खबर देण्याची मुभा द्यावी लागते. पुढे दरमहा किमान दोन पत्रे आणि चार कार्डे पाठवण्याचा त्याला हक्क असतो. आफ्रिकेतून पत्रे लिहिणाऱ्या तरुणाच्या अधिकारक्षेत्रात तीन दशकांनी शत्रुसैनिकांचा हा हक्क येऊन ठेपला होता. १ मार्च १९७२ रोजी भारतीय सैन्याच्या टपालसेवेलाही स्वतंत्र कोअरचा दर्जा मिळाला. त्याच वर्षी भगत नव्याने स्थापन झालेल्या उत्तर विभागाचे पहिले प्रमुख झाले आणि डिसेंबरमध्ये नियंत्रण रेषेच्या आखणीच्या वाटाघाटी त्यांनी तडीस नेल्या. निवृत्तीनंतर दामोदर खोरे महामंडळाचे अध्यक्ष असताना मे १९७५ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज सैनिकाच्या खिशात मोबाइल आहे, म्हणून प्रश्न मिटला असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. २०२० च्या जुलैमध्ये सैन्याने ८९ अ‍ॅप काढून टाकण्याचा आदेश दिला, त्यामागील सुरक्षेची चिंता रास्तच होती. मात्र जेथे एक मार्ग बंद करावा लागतो, तेथे दुसरा सुरक्षित मार्ग खुला करून देणे हेही आदेश काढणाऱ्याचेच काम आहे. १९७१ च्या युद्धात बेपत्ता झालेल्या आणि सर्वसाधारणपणे ५४ म्हणून मोजल्या जाणाऱ्या भारतीय सैनिकांची कुटुंबे अर्धशतकाहून अधिक काळ निश्चित वार्तेची वाट पाहत आहेत. शत्रूच्या कैद्याला महिन्याला दोन पत्रांची हमी देणारा कायदा आपण मान्य केला आहे. आपल्या सैनिकाच्या घराला किमान किती वार्ता मिळेल, कोणत्या मार्गाने आणि किती दिवसांत, याचीही तितकीच नेमकी हमी लिखित नियमांत असली पाहिजे.