अजिंठा वाचणारे डॉक्टर आणि न छापलेले औषध

जाफराबादला केळणा पूर्णेला मिळते. या दोन्ही नद्या अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावतात. त्यांच्या पात्रात उघडा पडलेला काळा दगड आणि ज्याच्या कड्यात अजिंठ्याची लेणी कोरली तो दगड एकच, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी ओतलेल्या लाव्हाचा बेसाल्ट. हा खडक कठीण असतो, पण पावसाने आणि काळाने त्याचेही पापुद्रे सुटतात, आणि त्याच्यावर कोरलेली अक्षरे त्या पापुद्र्यांबरोबर जातात. 1863 मध्ये, हा सारा मुलूख निजामाच्या राज्यात असताना, ती अक्षरे उतरवून घ्यायला मुंबईहून एक माणूस लेण्यांत आला. तो पुराणवस्तूंचा अधिकारी नव्हता, पेशाने डॉक्टर होता. मुंबईत त्याच्या दवाखान्यात रोग्यांची रीघ असे.

डॉ. भाऊ दाजी लाड यांचे खरे नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. 1822 च्या सुमारास गोव्यातील मांद्रे गावी जन्म. घरची स्थिती बेताची होती. वडील मातीच्या बाहुल्या करून विकत, असे सांगतात. मुलगा बुद्धिबळात इतका तरबेज होता की एका इंग्रज गृहस्थाने त्याला इंग्रजी शिकवण्याचा आग्रह वडिलांना केला, आणि कुटुंब मुंबईला आले. एल्फिन्स्टन संस्थेत शिक्षण, मग तिथेच अध्यापन. कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्येवर लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळाले, तेव्हा ते पंचविशीच्या आसपास होते. 1845 मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले तेव्हा मास्तरकी सोडून ते पुन्हा विद्यार्थी झाले, आणि 1851 मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत त्यांचे नाव होते.

पुढची वीस वर्षे त्यांनी इतकी कामे अंगावर घेतली की एका माणसाचा दिवस त्यांना कसा पुरला असेल, हा प्रश्न पडतो. भाऊ डॉ. नारायण दाजी यांच्यासह गरिबांसाठी मोफत दवाखाना, बॉम्बे असोसिएशनचे चिटणीसपद, मुलींच्या शाळांची खटपट, पुढे दोनदा मुंबईचे शेरीफपद. नैसर्गिक इतिहास, भूगर्भशास्त्र, उद्योग आणि कला यांच्या मध्यवर्ती संग्रहालयाचे कामही त्यांत होते. फोर्टातल्या बराकीत ठेवलेल्या या संग्रहाची 1857 च्या धामधुमीत घाईघाईने हलवाहलव झाली आणि बऱ्याच वस्तूंची नासधूस झाली. तो पुन्हा उभा करणाऱ्या समितीत जगन्नाथ शंकरशेट यांच्यासह भाऊ दाजीही होते. नव्या इमारतीची कोनशिला 1862 मध्ये बसली, दारे उघडायला 1872 उजाडले. भायखळ्याच्या त्याच संग्रहालयाला 1975 पासून त्यांचे नाव आहे.

अजिंठ्याला ते आले ते लेखांसाठी. भित्तिचित्रांचे कौतुक तोवर बरेच झाले होते, लेखांकडे मात्र कमी जणांनी पाहिले होते. सोळाव्या लेण्याच्या बाहेरच्या भिंतीवर वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने कोरवलेला संस्कृत लेख आहे. त्यात विंध्यशक्तीपासूनची वंशावळ येते. दगड झिजलेला, काही ओळींची नुसती टोके उरलेली. भाऊ दाजींनी तो वाचून मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात पाठ छापला. तो निर्दोष नव्हता. 1883 मध्ये ब्यूलर यांनी नवा पाठ दिला. विसाव्या शतकात महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी पुन्हा मूळ दगडाशी ताडून आणखी दुरुस्त्या केल्या. पहिल्या वाचनातल्या चुका दुसऱ्यांना सापडल्या, कारण ते वाचन सगळ्यांसमोर होते.

ज्योतिष-गणिताच्या इतिहासातही त्यांनी हेच केले. आर्यभटाच्या नावावर दोन वेगवेगळे ग्रंथ चालत होते आणि विद्वानांचा गोंधळ उडत होता. भाऊ दाजींनी आर्यभटीयाच्या पोथ्या मिळवल्या, आणि त्या ग्रंथातल्याच उल्लेखावरून आर्यभटाचे जन्मवर्ष इ. स. 476 ठरते हे दाखवले. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख त्यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी तिथे मठ काढल्याची नोंद त्या लेखात आहे. हे सगळे 1864-65 च्या सुमाराचे. त्याच वर्षी मुंबईचा शेअरबाजार कोसळला आणि भाऊ दाजींची मिळकतही त्यात बुडाली. संशोधनासाठी माणसे नेमून प्रवासाला पाठवण्याचा खर्च ते स्वतःच्या खिशातून करत. पुढे नावारूपाला आलेले भगवानलाल इंद्रजी हे त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

कुष्ठरोगाच्या बाबतीत मात्र ते वेगळे वागले.

तेव्हा महारोग म्हटले की माणूस घरातून आणि गावातून उठे. रोगाचे कारण कुणालाच ठाऊक नव्हते. आनुवंशिक, हवेमुळे, खाण्यामुळे, पापामुळे, अशी अनेक मते होती. भाऊ दाजी आयुर्वेदाचे जुने ग्रंथ वाचत आणि त्यांत सांगितलेली औषधे रोग्यांवर तपासून पाहत. सुश्रुतात पश्चिम समुद्रकिनाऱ्यावर वाढणाऱ्या तुवरक नावाच्या झाडाचे तेल कुष्ठावर सांगितले आहे. कोकण-गोव्यात याच झाडाला कडू कवठ किंवा कवटी म्हणतात. त्वचारोगावर त्याच्या बियांचे तेल चोळण्याची चाल तिथे जुनीच होती, आणि मांद्र्याच्या मुलाला हे झाड अनोळखी असण्याचे कारण नव्हते. भाऊ दाजींनी 1860 च्या दशकात कुष्ठरोग्यांवर एक औषध सुरू केले. गुण येतो अशी बातमी पसरली, रोगी येऊ लागले. ते औषध कवटीचे तेल होते, अशी नोंद पुढच्या औषधविषयक लेखनात मिळते. त्यांच्या हयातीत मात्र ते औषध काय आहे हे जाहीर झाले नाही.

त्यांची बाजू समजण्यासारखी आहे. कुष्ठरोग वर्षानुवर्षे चालतो, मध्येच आपोआप ओसरतो, पुन्हा उसळतो. चार-सहा महिन्यांच्या सुधारणेवर औषध सापडले असे म्हणणारा डॉक्टर तोंडघशी पडण्याची शक्यता मोठी. पण गुप्त औषध म्हणजे भोंदूपणा, असे मानणाऱ्या सहकाऱ्यांच्या टीकेलाही उत्तर राहत नाही. आणि कुणाला ते दुसऱ्या इस्पितळात वापरून पाहता येत नाही, हे त्याहून वाईट.

त्याच मुंबईत, त्याच ग्रँट मेडिकल कॉलेजशी संबंधित असलेले हेन्री व्हॅन्डाइक कार्टर कुष्ठरोगाचा अभ्यास करत होते. ‘ग्रेज् अ‍ॅनाटॉमी’ या प्रसिद्ध ग्रंथातली चित्रे काढणारे हेच. 1873 मध्ये ते नॉर्वेला गेले. बर्गेनला गेरहार्ड हॅन्सन यांनी त्याच वर्षी कुष्ठरोग्यांच्या गाठींत सूक्ष्म दंडाकृती जिवाणू पाहिले होते. कार्टर यांनी आपली निरीक्षणे छापली, आणि हॅन्सन यांचे काम भारतातल्या डॉक्टरांना कळले.

मे 1874 मध्ये भाऊ दाजी गेले. वय पन्नाशीच्या आसपास.

तेलाचा प्रवास पुढे इतरांनी केला. 1904-05 मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेत फ्रेडरिक पॉवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालमोगरा आणि कवटी या दोन्ही तेलांतली विशिष्ट आम्ले वेगळी केली. तेल पोटात घेतले तर मळमळ असह्य, सुईने टोचले तर गाठी होत. 1915 च्या सुमारास हवाईमध्ये अ‍ॅलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ मुलीने ते टोचता येईल अशा रूपात आणले. काम छापण्याआधीच, चोविसाव्या वर्षी, ती वारली, आणि श्रेय बराच काळ दुसऱ्याच्या नावावर राहिले. 1920 च्या दशकात भारतात अर्नेस्ट म्यूर यांनी कुष्ठावर कवटीचेच तेल मोठ्या प्रमाणावर वापरले. भाऊ दाजींच्या मृत्यूला तेव्हा अर्धे शतक लोटले होते. हे तेल रामबाण नव्हते. रोग लवकर ओळखला गेलेल्या काहींना उतार पडे, पुष्कळांना पडत नसे. खरा बदल 1940 च्या दशकात डॅप्सोनने आणि 1981 नंतर एकत्र दिल्या जाणाऱ्या तीन औषधांनी झाला. आज हे उपचार सरकारी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात, रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा किंवा बारा महिने चालतात, आणि रोग पूर्ण बरा होतो. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्या जागी स्पर्श कळत नसेल, तर दुखत नाही म्हणून थांबू नये. न दुखणे हेच त्याचे लक्षण असते.

भाऊ दाजींनी पन्नास वर्षे आधी रोगीवार टिपणे छापली असती, तर तेलाच्या मर्यादाही पन्नास वर्षे आधी कळल्या असत्या. किती जणांची बोटे वाचली असती, हे मोजता येत नाही.

त्यांचे विखुरलेले लेख 1888 मध्ये कोलकात्याहून एका ग्रंथात एकत्र छापले गेले. त्यात अजिंठा आहे, कालिदास आहे, आर्यभट आणि भास्कराचार्य आहेत. कुष्ठरोगावरचा लेख नाही.