कुटुंबवत्सल सुभेदार मल्हारराव होळकर

सुभेदार मल्हाररावांच्या लढाया आमच्या समाजबांधवांस मुखोद्गत आहेत; त्यांच्या घराकडे मात्र आमचे लक्ष क्वचितच जाते. होळ गावी १६९३ मध्ये जन्मलेले मल्हारराव पोरके होऊन तळोद्यास मामांकडे वाढले. मामांचीच कन्या गौतमाबाई त्यांची सहधर्मचारिणी झाली. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पुत्र खंडेराव तोफेच्या गोळ्यास बळी पडले. अहिल्याबाई सती जाण्यास सिद्ध झाल्या. शोकाकुल सासऱ्यांनी परोपरीने विनवून त्यांस परावृत्त केले. हे धैर्य आम्हांस त्यांच्या रणांगणावरील शौर्याहूनही थोर वाटते. मालेराव व मुक्ताबाई या नातवंडांचे मातृछत्र त्यामुळे टिकले. पुढे तोफखान्याची व्यवस्थाही सुभेदार सुनेवर विश्वासाने सोपवीत. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे त्यांनी देह ठेविला. सुभेदारी नातवाकडे आली. परंतु १७६७ मध्ये मालेरावही निवर्तले, आणि दौलत अहिल्याबाईंनी सांभाळली.