वैमानिक जे. आर. डी. टाटा

इंग्लंड आणि फ्रान्स या दोन देशांमधील समुद्र विमानाने ओलांडणारा पहिला पुरुष लुई ब्लेरिओ हा होय. हा पराक्रम त्याने २५ जुलै १९०९ रोजी केला. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्दलो नावाचे एक गाव आहे. तेथे ब्लेरिओचे घर होते, आणि त्याच गावी एक पारशी कुटुंब उन्हाळ्यात राहावयास येत असे. कुटुंबप्रमुखांचे नाव रतनजी दादाभाई टाटा. प्रसिद्ध उद्योगपती जमशेटजी टाटा यांचे ते आप्त होते. त्यांच्या पत्नी सुझान या फ्रेंच होत्या. त्यांचा मुलगा जहांगीर हा २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस शहरी जन्मला. हार्दलोच्या वाळूवर ब्लेरिओची विमाने उतरत आणि हा मुलगा ती पाहत राही. पंधराव्या वर्षी त्यास तेथेच एका विमानात बसून फेरी मारावयास मिळाली. आपणही वैमानिक व्हावयाचे, हा निश्चय त्याच्या मनात तेव्हापासून रुजला.

निश्चय सिद्धीस जाण्यास मात्र दहा वर्षे लागली. मध्यंतरी १९२३ साली आई वारली. एक वर्ष फ्रेंच सैन्यात काढून १९२५ च्या अखेरीस जहांगीर मुंबईस टाटांच्या पेढीत उमेदवार म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी वडिलांचेही निधन झाले आणि बाविसाव्या वर्षी भावंडांचा भार त्यांच्यावर आला. १९२९ साली त्यांनी आपले फ्रेंच नागरिकत्व सोडून दिले. त्याच सुमारास मुंबईच्या जुहू येथे विमानविद्या शिकविणारी संस्था निघाली, आणि जहांगीर तिच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक झाले. शिक्षकासमवेत अवघे साडेतीन तास उड्डाण केल्यावर त्यांनी एकट्याने विमान वर नेले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांस वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात परीक्षा देऊन मिळविलेला तो पहिलाच परवाना असल्यामुळे त्यावर क्रमांक १ घातलेला होता. जे. आर. डी. या आद्याक्षरांनीच ते पुढे सर्वांस परिचित झाले. आपणही त्यांस त्याच नावाने ओळखू.

त्या काळची लहान विमाने म्हणजे लाकूड, पोलादी नळ्या आणि ताणून बसविलेले कापड यांची बनविलेली एक हलकी वस्तू. इंग्लंडातील डी हॅविलंड नावाच्या गृहस्थांचा कारखाना अशा विमानांबद्दल प्रसिद्ध होता. या गृहस्थांस रात्री दिव्याभोवती फिरणाऱ्या पतंगांचा अभ्यास करण्याचा छंद होता. म्हणून त्यांनी आपल्या विमानांना पतंगांचीच नावे दिली. जिप्सी मॉथ, पस मॉथ, लेपर्ड मॉथ ही नावे पुढे येतील. ती सर्व खऱ्याखुऱ्या पतंगांची आहेत. पतंगाचे पंख दिसावयास सुंदर खरे, परंतु बोट लागले तरी त्यावरील रंग जातो. विमानांची स्थिती याहून बरी असली तरी फार निराळी नव्हती.

१९३० साली आगाखान यांनी एक बक्षीस लावले. भारत आणि इंग्लंड यांच्यामधील प्रवास ठरलेल्या मुदतीत, एकट्याने विमान चालवून, जो भारतीय प्रथम पुरा करील त्यास ५०० पौंड मिळावयाचे होते. जे. आर. डी. आपल्या जिप्सी मॉथ विमानातून कराचीहून इंग्लंडकडे निघाले. अस्पी मेरवान इंजिनियर नावाचा एक अवघ्या सतरा वर्षांचा तरुण इंग्लंडहून कराचीकडे येत होता. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पीचे विमान तेथे खोळंबून पडले होते. त्यास इंजिनाचे नवे प्लग हवे होते आणि जवळ जादा प्लग नव्हते.

प्लग ही वस्तू केवढी? आपल्या करंगळीएवढी! शेतातील पेट्रोलच्या फवारणी पंपात किंवा मोटारसायकलीत तुम्ही ती पाहिली असेल. इंजिनाच्या प्रत्येक नळकांड्यात पेट्रोल व हवा यांचे मिश्रण शिरते आणि प्लगमधून पडणाऱ्या ठिणगीने ते पेटते. प्लगवर काजळी किंवा तेल साचले, तर ठिणगी पडत नाही. रस्त्यावर असे झाले, तर माणूस खाली उतरून प्लग पुसतो. आकाशात खाली उतरून पुसण्याची सोय नाही. म्हणून विमानाच्या इंजिनात प्रत्येक नळकांड्यास एकाऐवजी दोन प्लग असतात, आणि त्या दोघांस वीज पुरविणारी मॅग्नेटो नावाची यंत्रेही दोन, एकमेकांपासून स्वतंत्र असतात. एक बिघडले तरी दुसऱ्याच्या बळावर विमान धावपट्टी गाठू शकते. उड्डाणापूर्वी वैमानिक ही दोन्ही यंत्रे आळीपाळीने बंद करून पाहतो, ती यासाठीच.

जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे जादा प्लग काढून अस्पीस दिले. वाळवंटावरून व समुद्रावरून जाताना आपल्यालाही त्यांची गरज पडेल, हे त्यांस कळत नव्हते असे नव्हे. अस्पी कराचीस काही तास आधी पोहोचला आणि बक्षीस त्यास मिळाले. हाच अस्पी पुढे १९६० साली भारतीय वायुदलाचा प्रमुख झाला. या हकिकतीत जे. आर. डीं.च्या औदार्याचे वर्णन सर्वच करतात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावीशी वाटते. देण्यासाठी जादा प्लग त्यांच्यापाशी होते, कारण निघण्यापूर्वीच त्यांनी ते बरोबर घेतले होते.

यानंतर दोन वर्षांनी त्यांनी जे कार्य आरंभिले, त्यामुळे भारतातील विमान वाहतुकीचा पाया घातला गेला. नेव्हिल विन्सेंट या वैमानिकाने सुचविलेली योजना अशी होती की, इंग्लंडहून कराचीपर्यंत येणारे टपाल पुढे मुंबईवरून मद्रासपर्यंत विमानाने न्यावे. पुष्कळ पत्रव्यवहारानंतर १९३२ साली सरकारशी करार झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास जे. आर. डी. पस मॉथ विमानातून टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले. विमानात रेडिओ नव्हता. वाटेत अहमदाबादेस उतरून इंजिनासाठी पेट्रोल घ्यावयाचे होते, आणि ते डब्यांतून, बैलगाडीवर लादून आणण्यात आले. दुपारी दोन वाजण्याच्या आत विमान जुहूस उतरले. तेथून विन्सेंट दुसऱ्या विमानातून टपाल घेऊन बल्लारीमार्गे मद्रासकडे गेले.

पहिले उड्डाण निर्विघ्न झाले, तरी रोजची काळजी पुढेच होती. याच सुमारास पस मॉथ जातीच्या काही विमानांचे पंख हवेत असताना मोडले आणि वैमानिक प्राणास मुकले. इंग्लंडात कसून चौकशी झाली. विशिष्ट परिस्थितीत पंखास आधार देणाऱ्या पुढील दांडीस कंप सुटतो आणि ती निकामी होते, असे त्या चौकशीत आढळले. एक आखूड जादा टेकू बसविल्यावर हा दोष दूर झाला. केवढा लहानसा टेकू. परंतु तो ज्या विमानास बसविला नसेल, त्यात बसणाऱ्याचा जीव टांगणीला लागलेला! कारखान्याकडून अशी सूचना आली की जुन्या विमानाच्या मालकाने ती वाचावी, अमलात आणावी आणि तशी नोंद करावी, हा नियम अशा दुर्घटनांतून जगाने शिकलेला आहे.

जुहूचा विमानतळ म्हणजे तेव्हा समुद्रालगतचे सपाट मातीचे मैदान आणि झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी. पावसाळ्यात ते मैदान पाण्याखाली जाई. मग विमाने व माणसे पुण्यास येरवड्याजवळील मैदानावर हलवावी लागत. खाऱ्या हवेने पोलाद गंजते, ओल्या हवेने लाकूड फुगते आणि कापडाचा ताण बदलतो. अशा प्रदेशात कापडी विमाने बारमाही चालविणे हे सोपे काम नव्हते. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके वैमानिक व यंत्रज्ञ यांनी ते चालविले. १९३३ या पहिल्या पूर्ण वर्षात त्यांच्या विमानांनी १,६०,००० मैलांचा प्रवास केला, १५५ उतारू नेले, आणि टपाल पोहोचविण्यात वक्तशीरपणाचे प्रमाण शंभर टक्के राखले. सह्याद्रीवरचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांस या आकड्याचे मोल समजेल.

प्रवरानगरला किंवा आपल्या जिल्ह्यातील दुसऱ्या एखाद्या साखर कारखान्यात गळीत हंगाम संपल्यानंतर जाऊन पाहा. सारी यंत्रे खोललेली दिसतात. झिजलेले भाग काढून नवे घालण्याचे काम चालू असते. कारखान्यास हे काम वर्षातून एकदा पुरते. विमानाची तपासणी काही ठरावीक तासांच्या उड्डाणांनंतर आणि शिवाय ठरावीक मुदतीनंतर करावी लागते, आणि थोडी पाहणी तर प्रत्येक उड्डाणापूर्वी होते. ऊस मध्येच अडकला, तर साखर उद्या होईल.

पुढील हकिकत थोडक्यात सांगतो. टाटांची ही टपालसेवा वाढत जाऊन १९४६ साली तिचे नाव एअर इंडिया झाले. ८ जून १९४८ रोजी तिचे विमान मुंबईहून लंडनला गेले. १९५३ साली सरकारने ती आपल्याकडे घेतली, तरी जे. आर. डी. १९७८ पर्यंत तिचे अध्यक्ष होते. १९३८ पासून टाटा उद्योगसमूहाचे प्रमुखपदही त्यांच्याकडेच होते. एवढा व्याप सांभाळताना विमानातून प्रवास करीत असता ते टाचणे करीत. कोठे धूळ बसली आहे, कोणता पडदा नीट नाही, हे ते स्वतः पाहत. मोठ्या माणसाने इतक्या बारीक गोष्टींत लक्ष घालावे काय, असे कोणास वाटेल. परंतु पस मॉथचा वैमानिक अशाच नजरेवर जगत असतो, आणि ती नजर त्यांची मोठ्या विमानांतही गेली नाही.

१९६२ साली पहिल्या टपाल-उड्डाणास तीस वर्षे झाली, तेव्हा त्यांनी कराची ते मुंबई हा प्रवास जुन्या लहान विमानातून पुन्हा केला. १९८२ साली पन्नास वर्षे पूर्ण व्हावयाची होती. त्या वेळी त्यांचे वय ७८ होते. तरुण पिढीत पूर्वीचा उत्साह उरलेला नाही, असे त्यांस वाटू लागले होते, आणि तिला काही करून दाखवावे म्हणून त्यांनी पुन्हा एकट्याने जाण्याचे ठरविले. यासाठी लेपर्ड मॉथ जातीचे विमान घेण्यात आले. या जातीची विमाने १९३३ ते १९३६ या काळातच बनविली गेली. म्हणजे या विमानाचेही वय पंचेचाळीस वर्षांहून अधिक होते.

अहिल्यानगर शहरात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरात, रणगाड्यांचे संग्रहालय आहे. तेथील जुने रणगाडे रंग देऊन नीट ठेवलेले आहेत आणि स्वस्थ उभे आहेत. त्यांनी पुन्हा रणात उतरावे, अशी कोणाची अपेक्षा नाही. जे जुने विमान आकाशात न्यावयाचे आहे, त्याची गोष्ट वेगळी. बाहेरील रंग चकाकतो की नाही, याला तेथे किंमत नाही.

अशा विमानाची तपासणी करणारा यंत्रज्ञ प्रथम लाकडाकडे पाहतो. त्या काळी लाकडी भाग जोडण्यासाठी दुधातील केसीन नावाच्या पदार्थापासून केलेला सरस वापरीत. दुधापासूनच झालेला हा सरस, ओल लागली की त्यासही बुरशी येते आणि सांधा आतल्या आत सुटतो. म्हणून पंखांच्या खालच्या बाजूस पाणी निथळण्यासाठी ठेवलेली लहान छिद्रे मोकळी आहेत ना, हे पाहावे लागते. कापड किती ताण सोसते, याची परीक्षा घेतात. ते जीर्ण झाले असेल, तर सबंध काढून नवे चढवितात. सुकाणू हलविणाऱ्या पोलादी तारांच्या दोरावरून कापडाची चिंधी फिरवितात. दोरातील एखादा बारीक तंतू तुटला असेल, तर चिंधी तेथे अडकते. डोळ्यांस न दिसलेला दोष चिंधी दाखविते. लाकडी पंखा ऋतूप्रमाणे फुगतो व आक्रसतो, म्हणून त्याचे बोल्ट पुनःपुन्हा तपासून आवळतात.

लेपर्ड मॉथचे इंजिन उलटे असते, म्हणजे त्याची नळकांडी खालच्या बाजूस असतात. विमान पुष्कळ दिवस उभे राहिले, तर तेल झिरपून तेथे साचते व प्लग ओले होतात. तेव्हा ते नुसते झाकून ठेवणे हेही धोक्याचेच. पेट्रोलच्या टाकीच्या तळाशी पाणी जमले असेल, तर ते थोडे पेट्रोल काढून पाहिल्यावाचून कळत नाही. नवा भाग घालावयाचा, तर तो त्याच विमानाचा असल्याची खात्री हवी. दिसावयास सारखा एवढे पुरत नाही, आणि बनविणारा कारखाना तर तो भाग केव्हाच बनवीनासा झालेला. हे सर्व झाल्यावर काय केले ते नोंदवहीत लिहून परवानाधारक यंत्रज्ञ खाली सही करतो. त्या सहीच्या भरवशावर वैमानिक विमानात चढतो.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी जे. आर. डी. लेपर्ड मॉथमधून कराचीहून एकटे निघाले. पन्नास वर्षांपूर्वी ज्या दोन गावांच्या मध्ये केवळ समुद्रकिनारा व कच्छचे रण होते, त्यांच्यामध्ये आता दोन देशांची सरहद्द होती. पूर्वीप्रमाणेच ते अहमदाबादेस उतरले. तेथे या वेळी बैलगाडीची जरुरी नव्हती. तेथून निघून ते जुहूच्या धावपट्टीवर सुखरूप उतरले. मातीच्या मैदानाऐवजी तेथे आता पक्की धावपट्टी होती, आणि त्यांच्या स्वागतासाठी मोठा समुदाय जमला होता.

१९९२ साली त्यांस भारतरत्न ही पदवी देण्यात आली. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे त्यांचे देहावसान झाले. ज्या पॅरिस शहरात ते जन्मले, तेथेच त्यांचे दफन झाले.