आजाऱ्यांचे सेवक संत कमिलस

१४ जुलै हा संत कमिलस दे लेलिस यांचा सण. आजारी माणसे, इस्पितळे आणि शुश्रूषा करणारे यांचे ते आश्रयदाते.

इटलीतील बुक्यानिको गावी २५ मे १५५० रोजी त्यांचा जन्म झाला. वडिलांप्रमाणे तेही सैनिक झाले. स्वभाव तापट, त्यात जुगाराचे व्यसन. पायाला झालेली जखम मरेपर्यंत बरी झाली नाही. तिच्या उपचारासाठी ते रोमच्या सान जाकोमो इस्पितळात गेले. तिथे काम मिळाले, पण भांडणे आणि जुगारापायी तेही गेले. १५७४ मध्ये होते नव्हते ते सारे ते जुगारात हरले.

पोटासाठी ते कापुचिन मठाच्या बांधकामावर मजुरी करू लागले. तिथेच २ फेब्रुवारी १५७५ रोजी त्यांचे हृदयपरिवर्तन झाले. त्यांना मठात घेण्यात आले. पण जखम पुन्हा चिघळल्यामुळे मठ सोडावा लागला आणि ते सान जाकोमोत परतले.

स्वतः खाटेवर पडलेल्याला दुसऱ्याचे दुखणे कळते. पगारी नोकर आजाऱ्यांची हेळसांड करतात, मरणाऱ्याजवळ कोणी बसत नाही, हे त्यांनी पाहिले. १५८२ मध्ये त्यांच्या मनात आले, की पैशासाठी नव्हे तर प्रेमापोटी सेवा करणारे सोबती गोळा करावेत. मरणाऱ्याला साक्रामेंत देता यावेत म्हणून वयाची तिशी उलटल्यावर ते मुलांबरोबर वर्गात बसून लॅटिन शिकले आणि १५८४ मध्ये धर्मगुरू झाले. संत फिलिप नेरी हे त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक होते.

रोमच्या सान्तो स्पिरितो इस्पितळात ते व त्यांचे सोबती आजाऱ्यांना भरवीत, अंग पुशीत, अंथरूण बदलीत. तेच पापनिवेदन ऐकत आणि मरणाऱ्याच्या उशाशी प्रार्थना करीत. शरीराची काळजी एकाने घ्यावी आणि आत्म्याची दुसऱ्याने, अशी वाटणी त्यांनी केली नाही. माणूस एकच आहे आणि तो सगळाच्या सगळा आजारी पडतो.

पोप सिक्स्तुस पाचवे यांनी १५८६ मध्ये त्यांच्या संघाला मान्यता दिली व झग्यावर लाल क्रूस लावण्याची परवानगी दिली. १५९१ मध्ये त्याचा धर्मसंघ झाला. जिवाला धोका असला तरी आजाऱ्याला सोडणार नाही, हे त्यांचे चौथे व्रत. ते नुसते शब्द नव्हते. त्यापूर्वीच नेपल्सजवळ साथीने पछाडलेल्या जहाजांवरील लोकांची सेवा करताना त्यांचे दोन बंधू मरण पावले होते. १५९८ मध्ये टायबर नदीला पूर आला, तेव्हा कमिलस यांनी आजाऱ्यांना उचलून वरच्या मजल्यावर नेले.

१४ जुलै १६१४ रोजी रोममध्ये त्यांचे निधन झाले. १७४६ मध्ये त्यांना संतपद मिळाले.

आजही पुष्कळ घरांत धर्मगुरूंना अगदी शेवटी बोलावतात. ते आले म्हणजे आता आशा नाही, असे रुग्णाला वाटेल ही भीती असते. तैलाभ्यंग केवळ मरणाच्या दारी असलेल्यांसाठी नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणून प्रिय बंधुभगिनींनो, घरातले कोणी गंभीर आजारी पडले, तर वाट पाहू नका. ते शुद्धीवर असताना, बोलू शकत असतानाच आम्हाला कळवा. आणि शेजारच्या खाटेवर कोणी एकटे असेल, तर त्याच्याजवळही दोन घटका बसा.