बागवानाचा नातू : ग्रेगोर मेंडेल

आपल्या ज्ञातीतील कितीतरी कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपूर्वी गाव सोडून शहरात आली. ज्या मुलास पुढे शिकवावयाचे त्याच्यासाठी कोणी जमीन गहाण टाकली, कोणी बैलजोडी विकली, तर कोणा बहिणीने आपल्या अंगावरचा डाग मोडून दिला. मुलगा शिकला, नोकरीस लागला, चाळीत बिऱ्हाड थाटून राहिला; परंतु गावच्या घरामागील परसाची आठवण काही त्याच्या मनातून गेली नाही. गॅलरीतल्या डब्यात तुळस आणि गच्चीवरच्या कुंडीत कढीलिंब लावल्यावाचून त्यास चैन पडेना. अशा घरांतून ही स्मरणिका वाचली जाते हे ध्यानी घेऊन आम्ही ह्या अंकासाठी ग्रेगोर मेंडेल यांचे चरित्र निवडले आहे. देश परका, धर्म परका, भाषा परकी. तथापि त्यांचे बालपण आणि त्यांची बागेची ओढ वाचताना वाचकांस आपलेच घर डोळ्यांपुढे उभे राहिल्यासारखे वाटेल, अशी आमची खात्री आहे.

मेंडेल यांचा जन्म १८२२ च्या जुलै महिन्यात हाइन्झेनडॉर्फ नावाच्या खेड्यात झाला. त्या काळी हे खेडे ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात मोडत असे. आज ते चेक प्रजासत्ताकात आहे. घरची भाषा जर्मन. मुलाचे नाव योहान ठेवण्यात आले. ग्रेगोर हे नाव पुढे मठात मिळाले. वडील अँटोन हे कष्टाळू शेतकरी. तरुणपणी नेपोलियनच्या युद्धांच्या काळात त्यांनी सैन्यात चाकरी केली होती. आई रोझिना ही एका बागवानाची कन्या. व्हेरोनिका थोरली बहीण, थेरेसिया धाकटी आणि मधला योहान हा एकुलता एक मुलगा. शेत लहानसे, त्यातही आठवड्यातील तीन दिवस जमीनदाराच्या शेतावर वेठीने राबावे लागे आणि उरलेल्या दिवसांत स्वतःचे शेत पिकवावयाचे. ही वेठ १८४८ साली कायद्याने उठली. परंतु तोपर्यंत अँटोन यांच्या हातून शेत निघून गेले होते. ते कसे, हे पुढे येईलच.

एवढ्या ओढगस्तीतही घराशेजारी फळझाडांची बाग होती आणि तीच योहानची पहिली शाळा. गावचे पाद्री श्रायबर यांना फळबागांचा मोठा नाद. उत्तम जातीच्या झाडांच्या कलमकाड्या ते गावकऱ्यांत वाटीत आणि झाडांची निगा कशी राखावी हे समजावून सांगत. त्यांच्या सल्ल्याने अँटोन यांनी आपली बाग सुधारली. गावच्या शाळेतही लिहिणे, वाचणे व हिशेब यांच्या जोडीला फळझाडांची जोपासना आणि मधमाश्या पाळणे हे विषय शिकवीत. योहान वडिलांच्या हाताखाली कलमे बांधण्यास शिकला. आंब्याचे कलम बांधताना पाहिलेल्या आमच्या कोकणातील वाचकांस त्यातील आनंद निराळा सांगावयास नको. कलम केले की झाडाची जात टिकते. परंतु कोय पेरून आलेल्या झाडाचे फळ गोड निघेल की आंबट, याचा नेम नसतो, हे शेतकऱ्याच्या घरचे लहान मूलही जाणते. हा नेम शोधून काढणारा माणूस पुढे याच बागेतून निघावयाचा होता.

मुलाची बुद्धी शाळामास्तरांच्या नजरेस भरली. त्याला पुढे शिकवावे असा त्यांनी आग्रह धरला. एकुलता एक मुलगा शेतीतून काढून परगावी धाडावयाचा, हा निर्णय त्या घरास सोपा नव्हता. तथापि आईने मनावर घेतले. १८३३ साली योहान लिपनिक येथील शाळेत गेला आणि पुढच्या वर्षी ट्रोपाउ येथील माध्यमिक शाळेत दाखल झाला. खानावळीचे पुरते पैसे भरणे शक्य नसल्यामुळे अर्ध्याच जेवणाची सोय करण्यात आली. घरून गाडीवानाबरोबर पाव आणि लोणी येई, त्यावर उरलेली भूक भागवावयाची. १८३८ साली दुःखाचा आणखी एक घाला पडला. वेठीच्या कामावर असताना झाडाचा ओंडका अंगावर येऊन अँटोन यांची छाती चेचली गेली. त्यांच्याने पुन्हा पूर्वीसारखे काम झाले नाही. सोळा वर्षांचा योहान शिकवण्या करून आपला खर्च भागवू लागला. अपुरे अन्न आणि काळजी यांनी त्याची प्रकृती वारंवार ढासळे व महिनोन् महिने त्याला घरी येऊन पडावे लागे.

अखेर १८४१ साली अँटोन यांनी शेत आणि घर थोरल्या जावयाच्या स्वाधीन केले. खरेदीखतात योहानच्या नावे काही रक्कम लिहून ठेवली होती. परंतु ओलोमोउत्स येथील दोन वर्षांच्या उच्च शिक्षणास ती पुरेशी नव्हती. अशा वेळी धाकटी थेरेसिया पुढे आली. तिचे वय तेव्हा अवघे बारा वर्षांचे. लग्नात तिला द्यावयाच्या रकमेपैकी काही भाग तिने भावाच्या शिक्षणासाठी सोडून दिला. त्या काळी शेतकऱ्याच्या मुलीचे सारे भवितव्य तिच्या हुंड्यावर अवलंबून असे, हे ध्यानात घेतले म्हणजे ह्या त्यागाची किंमत कळते. हा अभ्यासक्रम योहानने पुरा केला तो बहिणीच्या पैशावर.

परंतु पुढे काय? पोटाची विवंचना संपेना. तेव्हा पदार्थविज्ञानाच्या अध्यापकांच्या शिफारशीवरून १८४३ साली त्यांनी ब्रनो शहरातील सेंट थॉमसच्या मठात प्रवेश केला आणि ते ग्रेगोर झाले. मठाधिपती नाप हे विद्येचे चाहते असून शेती व फळबागांच्या सुधारणेत त्यांना विशेष रस होता. मठात ग्रंथालय होते, वनस्पतींचा संग्रह होता आणि मुख्य म्हणजे बाग होती. गाव सुटल्यावर कित्येक वर्षांनी ग्रेगोर यांच्या हाताला पुन्हा माती लागली.

१८४७ साली त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. रुग्णांच्या भेटीचे काम त्यांना सोसेना. दुसऱ्याची वेदना पाहून ते स्वतःच आजारी पडत. हे जाणून नाप यांनी त्यांना १८४९ मध्ये झ्नॉयमो येथील शाळेत बदली शिक्षक म्हणून पाठविले. शिकविणे त्यांना उत्तम साधले. तथापि १८५० साली शिक्षकाच्या पात्रता परीक्षेत ते अनुत्तीर्ण झाले. मठाने १८५१ ते १८५३ ह्या काळात त्यांना व्हिएन्ना विद्यापीठात शिकावयास पाठविले. तेथे डॉपलर यांच्यासारखे पदार्थवैज्ञानिक आणि उंगर यांच्यासारखे वनस्पतितज्ज्ञ त्यांना गुरू म्हणून लाभले. मोजमापाची आणि गणिताची शिस्त त्यांच्या अंगी बाणली ती येथे. १८५६ साली ते पुन्हा परीक्षेस बसले, परंतु ती पुरी झालीच नाही. १८५४ पासून १८६८ पर्यंत, तब्बल चौदा वर्षे, ते ब्रनोच्या शाळेत बदली शिक्षक म्हणूनच राहिले. आमचे सारे आयुष्य शाळेत गेले असल्याने ह्या गोष्टीपाशी आम्ही नेहमी थबकतो. विद्यार्थ्यांचे प्रेम ज्यांना उदंड मिळाले, त्यांना प्रमाणपत्र मात्र जन्मभर मिळाले नाही.

त्याच १८५६ साली मठाच्या बागेत त्यांचे खरे काम सुरू झाले. इमारतीलगत सुमारे ३५ मीटर लांब व ७ मीटर रुंद अशी एक जमिनीची पट्टी होती. तेथे त्यांनी वाटाणा लावला. तत्पूर्वी बियाण्यांच्या व्यापाऱ्यांकडून ३४ प्रकार आणून दोन वर्षे त्यांची पारख केली आणि त्यांतील २२ निवडून ठेवले. गोल दाणा व सुरकुतलेला दाणा, पिवळा दाणा व हिरवा दाणा, उंच वेल व ठेंगणी वेल, अशा सात जोड्या त्यांनी अभ्यासासाठी घेतल्या. काम मोठे चिकाटीचे. वाटाण्याचे फूल मिटलेले असते व आपल्याच परागांनी फळते. म्हणून कळी उमलण्यापूर्वीच ती अलगद उघडून चिमट्याने पुंकेसर काढून टाकावयाचे, दुसऱ्या झाडाचे पराग आणून लावावयाचे आणि किडीने घोटाळा करू नये म्हणून फुलावर पिशवी बांधावयाची. ज्या हातांनी लहानपणी वडिलांशेजारी बसून कलमे बांधली होती, तेच हे हात होते.

गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या जातींचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सारे दाणे गोलच आले. सुरकुतलेला गुण नाहीसा झाला असे वाटले. परंतु ह्या दाण्यांपासून आलेल्या झाडांना आपल्याच परागांनी फळू दिले, तेव्हा एकूण ७,३२४ दाण्यांपैकी ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले. म्हणजे जवळजवळ तीनास एक. इतर जोड्यांतही हेच प्रमाण आले. गुण दुधात पाणी मिसळावे तसे मिसळून जात नाहीत. ते अखंड राहतात, एखाद्या पिढीत दडून बसतात आणि पुढच्या पिढीत पुन्हा प्रकट होतात, हा सिद्धान्त ह्या हिशेबातून निघाला. नातवाचे नाक थेट आजोबांच्या वळणाचे का निघते, हे ज्या शास्त्राने सांगावयाचे, त्या आनुवंशिकीचा पाया असा वाटाण्याच्या वाफ्यात घातला गेला. १८६३ पर्यंत आठ वर्षांत त्यांनी हजारो झाडे तपासली.

१८६५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे त्यांनी आपला निबंध दोन बैठकांत वाचला आणि पुढील वर्षी तो छापून आला. त्याच्या ४० प्रती त्यांनी वेगळ्या छापून घेतल्या व काही विद्वानांकडे धाडल्या. परंतु झाडांच्या अभ्यासात हे आकडेशास्त्र कशासाठी, हे कोणास उमगले नाही. म्युनिकचे सुप्रसिद्ध वनस्पतितज्ज्ञ नेगेली यांनी पत्रव्यवहार केला खरा. पण कामाचे मोल त्यांनाही कळले नाही.

१८६८ साली मेंडेल मठाधिपती झाले. कारभार वाढला, आणि १८७४ च्या एका कर-कायद्यावरून सरकारशी जो तंटा सुरू झाला तो त्यांच्या अखेरपर्यंत मिटला नाही. तरीही बाग सुटली नाही. मधमाश्यांसाठी त्यांनी खास घर बांधविले, सफरचंद व नासपतीची नवी रोपे तयार केली, फुलझाडे जोपासली आणि हवामानाच्या नोंदी ठेवल्या. जन्मगावासही ते विसरले नाहीत. तेथील अग्निशामक दलाच्या इमारतीसाठी त्यांनी पैसे दिले. आणि थेरेसियाचे ऋण? तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणास मामांनी आधार दिला. त्यांपैकी दोघे पुढे डॉक्टर झाले. बारा वर्षांच्या मुलीने सोडलेली रक्कम अशा रीतीने तिच्या लेकरांच्या पदरात पडली.

६ जानेवारी १८८४ रोजी मेंडेल यांचे निधन झाले. अंत्यविधीस मोठा समुदाय जमला होता. परंतु आपण एका थोर शास्त्रज्ञास निरोप देत आहोत याची जाणीव जवळजवळ कोणासच नव्हती. १९०० साली द व्रीस, कोरेन्स आणि चेर्माक ह्या तीन संशोधकांच्या लेखांतून त्यांचा विस्मृतीत गेलेला निबंध पुन्हा उजेडात आला. १९१० साली ब्रनो येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला. आज पिकांच्या सुधारित जाती जेथे जेथे तयार होतात, तेथे त्या निबंधातील नियम पायाशी असतात.

असो. आपल्या ज्ञातीतील जी मुले आज शिकत आहेत त्यांना आमचे इतकेच सांगणे आहे की, आपल्या शिक्षणासाठी घरात कोणी काय सोडले, हे एकदा वडीलधाऱ्यांस विचारून ठेवावे. पुष्कळ घरांत ते नाव एखाद्या आत्याचे किंवा मावशीचे निघेल. मेंडेल यांनी बहिणीचे देणे फेडले ते मामा म्हणून, तिच्या मुलांना शिकवून. हा मार्ग कमावत्या प्रत्येक भावास मोकळा आहे. आणि ज्यांच्या दाराशी हातभर जमीन अथवा गच्चीत चार कुंड्या असतील, त्यांनी दिवाळीच्या सुमारास त्यांत वाटाण्याचे दाणे अवश्य टोचावेत. शेंगा भरल्या की मुलांना घेऊन बसावे, त्या सोलाव्यात, दाणे मोजावेत आणि हाइन्झेनडॉर्फच्या ह्या बागवानाच्या नातवाची हकीकत त्यांना सांगावी.